पंधरा वर्षे उभी असलेली पिकअप: आधी थांबती करा, मग चालती

प्रश्न थोडक्यात असा: १९६० च्या दशकातली, सहा सिलिंडरची पेट्रोल पिकअप पंधरा वर्षे छपराखाली उभी आहे. इंजिन जाम आहे, ब्रेकचे पॅडल थेट तळाला टेकते, केबिनच्या खालच्या कडा गंजल्यात. बॅटरी लावून एकदा सेल्फ मारून बघावा, की सगळी गाडी खोलून नव्याने बांधावी?

दोन्ही नको. सेल्फ मारलात तर अडकलेल्या व्हॉल्ववर पुशरॉड (रॉकरला ढकलून व्हॉल्व उघडणारे दांडे) वाकतील, आणि पावशेर तेलात सुटले असते ते इंजिन हेड उतरवायला लावेल. सगळी गाडी खोललीत तर ती परत जुळण्याची शक्यता कमीच. अर्धवट राहिलेल्या जुन्या गाड्या गंजाने जितक्या मरतात त्याहून जास्त डबे-पिशव्यांत भरून ठेवलेल्या नटबोल्टांनी मरतात. म्हणून एकच पथ्य पाळा: एका वेळी एक यंत्रणा उघडायची, ती पूर्ण करून जागेवर बसवायची, मगच दुसरीला हात लावायचा. क्रम असा ठेवा: चॅसिस, ब्रेक, इंजिन मोकळे करणे, पेट्रोलची वाट, करंट, आणि मग पहिला आवाज. पत्रा आणि रंग गाडी हजारभर किलोमीटर धावल्यानंतर.

चॅसिस आधी, कारण गाडी करायची की सोडायची हे तिथेच ठरते. इंजिन बदलता येते, केबिन बदलता येते. सडलेली चॅसिस दुरुस्त करण्यात मात्र दोन्हींपेक्षा जास्त वेळ जातो. गाडी चारही बाजूंनी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचे नाही, पाच मिनिटांसाठीही नाही. तारेच्या ब्रशने चिखल आणि सुटे पापुद्रे काढा, मग लहान हातोडीने दर दहा-पंधरा सेंटिमीटरवर ठोकत जा. निरोगी पोलाद खणखणीत वाजते, सडलेले थप्प आवाज करते. संशय आला तिथे टोच्या दाबून बघा. मागच्या ॲक्सलवरचा कमानीसारखा भाग, मागच्या पाट्यांचे (लीफ स्प्रिंगचे) हँगर, स्टेअरिंग बॉक्स बसतो ती जागा आणि आडवे मेंबर जिथे रिव्हेटने जोडलेत ते सांधे नीट पाहा. दोन पत्र्यांच्या मध्ये गंज धरला की तो फुगतो, कारण गंजाला मूळ लोखंडाहून कितीतरी जास्त जागा लागते. तो पत्रे एकमेकांपासून उचलतो आणि शेवटी रिव्हेटचे डोके उडवतो. असा फुगलेला सांधा वरून घासून रंगवणे म्हणजे फोड झाकणे. रिव्हेट काढून, आतून साफ करून, योग्य ग्रेडच्या बोल्टने पुन्हा आवळावा लागतो.

चॅसिस सरळ आहे का हे तपासायला टेप पुरते. डावी-उजवीकडची सारखी छिद्रे निवडा, ओळंब्याने त्यांच्या खुणा जमिनीवर घ्या आणि कर्ण मोजा. दोन कर्णांत ३ मि.मी. फरक चालतो, ६ च्या वर गेला तर गाडीला कधीतरी जोराची ठोकर बसली आहे असे समजा. याच वेळी चॅसिस नंबर शोधून तो कागदपत्रांशी ताडून बघा. त्या जागी ग्राइंडर लावू नका; पुसलेला नंबर परत येत नाही.

आता चाके. डाव्या बाजूचे नट उघडताना आधी स्टडचे तोंड बघा. त्या काळच्या बऱ्याच गाड्यांत, विशेषतः डॉज आणि विलीज घराण्यात, डाव्या चाकांना उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने जोर लावत राहिलात तर स्टड तुटतो आणि दोष गंजाला जातो. रिम एकसंध आहे की रिंगची (टायर वेगळ्या लॉक-रिंगने धरलेली), हेही पाहा. रिंगच्या रिमचा टायर पूर्ण हवा काढल्याशिवाय गाडीवरून उतरवायचा नाही आणि लोखंडी सुरक्षा-पिंजऱ्याबाहेर हवा भरायची नाही. गंजलेली लॉक-रिंग सुटली तर माणूस जातो, त्यामुळे हे काम ज्याच्याकडे पिंजरा आहे त्यालाच द्या. टायरची नक्षी नवी दिसली तरी तारखेचा आकडा वाचा: चार अंकी असेल तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात, तीन अंकीच असेल तर टायर २००० सालाआधीचा आहे. असे टायर गाडी ढकलण्यापुरते ठेवा, रस्त्यावर नेऊ नका.

ब्रेक हा या कामातला सर्वांत नीट करायचा भाग आहे, म्हणून इथे घाई नको. १९६७ च्या आधीच्या बहुतेक अमेरिकी पिकअपना एकाच कप्प्याचा मास्टर सिलिंडर (पॅडलच्या जोराने ब्रेकचे ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) असतो. एक पाइप फुटला की चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. अशा गाडीत "जुने पाइप बरे दिसतायत" हा युक्तिवाद चालत नाही. सगळे पाइप आणि सगळे रबरी होज नवे घाला. होज बाहेरून धडधाकट दिसतो आणि आतून सुजलेला असतो. पॅडल दाबले की ऑइल जाते, सोडले की परत येत नाही, आणि ते चाक धरून बसते. लोक मग लायनर (ड्रमला घासणारे अस्तर) आणि स्प्रिंग बदलत बसतात.

पाइपसाठी तांबे-निकेलचा ४.७५ मि.मी. पाइप घ्या. हाताने वळतो, गंजत नाही. साधा तांब्याचा पाइप वापरू नका, तो कंपनांनी कडक होऊन तडकतो. टोके दुहेरी फुलवलेली हवीत. एकेरी फ्लेअर (फुलवलेले टोक) चिरतो. नट आधी पाइपमध्ये ओवा आणि मग फ्लेअर करा. हे सांगायची गरज नसावी, पण प्रत्येक जण एकदा तरी विसरतो.

ड्रम निघत नसेल तर हातोडा उचलण्याआधी मागच्या फटीतून ॲडजस्टर सैल करा. ड्रमच्या आतल्या कडेला गंजाचा उंचवटा झालेला असतो आणि लायनर त्याला अडकतो. आतली धूळ हवेने उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. पाणी आणि साबण मारून ओलीच पुसून काढा. व्हील सिलिंडरचे रबर मागे सारून बघा. आत खड्डे पडले असतील तर होन करून (आतून घासून गुळगुळीत करून) नवे रबर घालण्यात अर्थ नाही, तीन महिन्यांत ऑइल गळेल. नवा सिलिंडरच घाला. दोन लायनर सारखे दिसत नसतील तर ते चुकीचे नाहीत: या जातीच्या ब्रेकमध्ये आखूड लायनर पुढच्या बाजूला आणि लांब मागच्या बाजूला बसतो. उलटे बसवले तर ब्रेक लागतो, पण कमी ताकदीने. ड्रम खरवडून घ्यायचा असेल तर त्यावर कोरलेला कमाल व्यास पाहा. बऱ्याच ड्रमना मूळ व्यासापेक्षा १.५ मि.मी. इतकीच सूट असते.

नवा मास्टर सिलिंडर बसवण्याआधी बाकावर पकडून ऑइल भरा आणि बुडबुडे येणे थांबेपर्यंत हळूहळू दाबा. ड्रम ब्रेकच्या गाडीत मास्टरच्या तोंडाशी साधारण १० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड) दाब धरून ठेवणारा व्हॉल्व असतो. तो व्हील सिलिंडरची रबरे पसरलेली ठेवतो. कुणी सुधारणा म्हणून डिस्क ब्रेकचा मास्टर लावला आणि हा व्हॉल्व वेगळा बसवला नाही तर पॅडल रोज सकाळी स्पंजासारखे लागेल. पॅडलचा पुशरॉड आणि मास्टरचा पिस्टन यांच्यात सुमारे १ मि.मी. मोकळीक ठेवा. ती नसेल तर ऑइल परत टाकीत जायचे बारीक छिद्र झाकलेलेच राहते. गाडी दोन किलोमीटर नीट चालते, मग ऑइल तापून फुगते आणि चारही चाके आपोआप धरतात. एअर काढताना मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करा. ऑइल डॉट-३ किंवा डॉट-४. दोन्ही हवेतले पाणी शोषतात. डॉट-३ चा उत्कलनांक कोरडे असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो आणि पाणी शोषल्यावर १४० पर्यंत उतरतो, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. डॉट-५ हे सिलिकॉनचे असते. ते यांच्यात मिसळायचे नाही. शेवटी पॅडल पूर्ण ताकदीने मिनिटभर दाबून धरा आणि दुसऱ्याला प्रत्येक सांधा कोरड्या कागदाने पुसून बघायला सांगा.

चाके उघडली आहेत तोवर पुढच्या हबचे बेअरिंगही धुऊन नवे ग्रीस भरा. निमुळत्या रोलरचे बेअरिंग असेल तर हब फिरवत नट आवळा, मग सैल करा आणि अगदी किंचित, ०.०३ ते ०.१३ मि.मी. खेळ राहील असा लावा. स्प्लिट पिन प्रत्येक वेळी नवी. चाक वर-खाली हलवून खेळ जाणवला तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगा. खेळ गेला तर तो बेअरिंगचा होता, राहिला तर किंगपिनचा (ज्या खिळीवर पुढचे चाक वळते तिचा). किंगपिनचे बुश नुसते ठोकून चालत नाहीत. वरचा आणि खालचा एका रेषेत रीमरने कापावे लागतात. मागच्या ब्रेकवर डिफरन्शियलचे ऑइल येत असेल तर सील बदलण्याआधी ॲक्सलच्या घरावरचा श्वासमार्ग मोकळा करा. तो मातीने बुजला की आतला दाब नवे सीलही पार करतो.

गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलचे ऑइल बदलताना भरायचा प्लग आधी उघडा, मगच खालचा. वरचा निघालाच नाही तर निदान आत ऑइल तरी असेल. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून वेग जुळवणाऱ्या रिंग) असलेल्या जुन्या गिअरबॉक्सला जीएल-४ दर्जाचे ऑइल द्या. जीएल-५ मधली गंधकाची द्रव्ये पितळ खातात. ते ऑइल डिफरन्शियलच्या हायपॉइड (तिरप्या, घसरत चालणाऱ्या) दात्यांसाठी आहे.

आता इंजिन. सर्व स्पार्क प्लग काढा आणि क्रमाने मांडून ठेवा. कोणत्या सिलिंडरचा प्लग ओला, कोणता गंजका, यावरून पुष्कळ कळते. डिझेल आणि ऑटोमॅटिक गिअरचे ऑइल निम्मे-निम्मे मिसळा, प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ४० मि.लि. ओता आणि तीन-चार दिवस विसरा. ॲसिटोनचे मिश्रण गंजलेल्या बोल्टला उत्तम, पण सिलिंडरमध्ये ते उडून जाते. मधल्या काळात व्हॉल्व कव्हर काढून रॉकर आणि व्हॉल्वच्या दांड्यांवरही तेच मिश्रण सोडा.

चार दिवसांनी क्रँक पुलीच्या बोल्टला सॉकेट लावून दोन्ही दिशांना हळूच जोर द्या. काही जुन्या शेव्हर्ले सहा सिलिंडर इंजिनांत पुली दाबून बसवलेली असते, मध्ये बोल्ट नसतोच. तिथे फ्लायव्हीलचे खालचे झाकण काढून दात्यांवर पहार लावून ढकलावे लागते. पाच अंश हलले तरी जिंकलात: पुढे-मागे, पुढे-मागे, दर वेळी थोडे जास्त. एकदम जोर लावून फिरवू नका. पिस्टनच्या रिंगच्या कडेचा गंज सिलिंडरच्या भिंतीवर रेघा मारतो. गिअरमध्ये टाकून दुसऱ्या गाडीने ओढणे तर नकोच, कनेक्टिंग रॉड वाकवायचा तो हमखास मार्ग आहे. दोन आठवड्यांत काहीच हलले नाही तर हेड उतरवा आणि कुठल्या पिस्टनने धरले आहे ते डोळ्यांनी बघा.

इंजिन पूर्ण फेरा घेऊ लागले की हाताने फिरवत बारा रॉकरवर नजर ठेवा. एखादा रॉकर दाबून खाली गेला आणि व्हॉल्व वर आलाच नाही तर तो अडकलेला आहे. जुन्या पेट्रोलचा चिकट थर व्हॉल्वच्या दांड्यावर लाखेसारखा बसतो. तेल सोडत, प्लास्टिकच्या हातोडीने वरून हलके ठोकत तो मोकळा करा. सेल्फने हे इंजिन आधीच फिरवले असते तर याच जागी पुशरॉड वाकला असता.

मग इंजिन ऑइल काढा. चहासारखा पांढुरका रंग म्हणजे आत पाणी; पेट्रोलचा वास आणि वाढलेली पातळी म्हणजे फ्युएल पंपाचा पडदा फाटून पेट्रोल चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) गेले आहे. चेंबर उतरवा. तळाशी बोटभर काळा गाळ आणि ऑइल पंपाच्या जाळीवर त्याचीच साय हे पंधरा वर्षे उभ्या गाडीत नेहमीचे चित्र आहे. तो तसाच ठेवून नवे ऑइल भरले तर नव्या ऑइलचे डिटर्जंट तो सुटा करते, जाळी बुजते आणि बेअरिंग जातात. नव्या ऑइलच्या निवडीत एक बारकावा आहे. या इंजिनांचे टॅपेट कॅमवर सपाट घासतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसयुक्त द्रव्याची गरज असते. आजच्या पेट्रोल गाड्यांच्या ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ ऑइलमध्ये फॉस्फरस ८०० पीपीएमवर (दहा लाख भागांत ८००) रोखलेला असतो, कारण तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. तुमच्या गाडीला कन्व्हर्टरच नाही. जाड ग्रेडला ही मर्यादा लागू नसते, म्हणून १५डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० घ्या. डबा घेताना जस्ताचे प्रमाण १००० ते १४०० पीपीएमच्या दरम्यान आहे का ते उत्पादनाच्या माहितीपत्रकात बघा.

कॉम्प्रेशनही आत्ताच तपासा: सगळे प्लग काढलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा, चार-पाच झटके. साधारण ११० ते १५० पीएसआय यायला हवे आणि सर्वांत कमी आकडा सर्वांत जास्त आकड्याच्या तीन-चतुर्थांशाखाली नसावा. कमी आले तर सिलिंडरमध्ये १० मि.लि. ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंग, न चढला तर व्हॉल्व. शेजारचे दोन सिलिंडर एकसारखे पडले असतील तर हेड गॅस्केट. मात्र या पहिल्या आकड्यांवरून इंजिन खोलायचा निर्णय घेऊ नका. कोरड्या, चिकटलेल्या रिंग तासभर चालल्यावर सुटतात आणि ६० चे ११० झालेले दिसतात.

पेट्रोलची वाट टाकीपासून कार्बुरेटरपर्यंत संपूर्ण करायची. टाकी कुठे आहे ते आधी शोधा: या काळच्या बऱ्याच पिकअपमध्ये ती केबिनच्या आतच, सीटच्या पाठीमागे असते. म्हणजे केबिनमध्ये वेल्डिंगची ठिणगी पडण्याआधी ती गाडीबाहेर गेलीच पाहिजे. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा धोकादायक, कारण आत वाफ असते. जुने पेट्रोल वार्निशसारखे वास मारते. ते काढून टाकी गरम पाण्याने आणि डिटर्जंटने धुवा, मग गंजासाठी साधा व्हिनेगर भरून एक-दोन दिवस ठेवा. आत मूठभर बोल्ट किंवा साखळी टाकून हलवा. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळखळा, लगेच गरम हवेने वाळवा आणि थोडे ऑइल मिसळलेले पेट्रोल आतून फिरवा, नाहीतर तासाभरात पुन्हा तांबूस पडते. आतून लेप देणारी सीलंट रसायने शेवटचा उपाय म्हणूनच वापरा. खाली ओल राहिली असेल तर दोन वर्षांनी त्या लेपाचे पापुद्रे सुटतात आणि पाइपच बुजवतात. छिद्रे पडलेली टाकी असेल तर नवी घेणे स्वस्त पडते.

पेट्रोलचा काटा बदलताना टाकीतला सेंडर (पातळी मोजणारा भाग) आणि डॅशबोर्डवरचा काटा एकाच घराण्याचे असू द्या. फोर्डचा जुना सेंडर रिकाम्या टाकीला सुमारे ७३ ओहम आणि भरलेल्या टाकीला १० ओहम दाखवतो. जनरल मोटर्सचा नंतरचा सेंडर रिकाम्याला ० आणि भरलेल्याला ९०. जोडी चुकली की काटा उलटा चालतो.

रबरी नळ्या इथेनॉल सहन करणाऱ्या, एसएई जे-३० आर-९ दर्जाच्या घ्या. साधी जुनी नळी आतून विरघळते आणि तिचे काळे कण कार्बुरेटरमधल्या फ्लोटच्या (पेट्रोलची पातळी राखणाऱ्या तरंगत्या डबीच्या) सुईत जाऊन बसतात. यांत्रिक पंपाचा दाब या इंजिनांत ४ ते ५ पीएसआयच्या आसपास हवा. जोरदार इलेक्ट्रिक पंप लावला तर सुई दाब रोखू शकत नाही आणि कार्बुरेटर ओव्हरफ्लो होतो.

कार्बुरेटर ट्रेमध्ये उघडा आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढा. आत पांढरी भुकटी म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूचा गंज. क्लीनरमध्ये बुडवून, मऊ ब्रशने आणि हवेने साफ करा. जेटमध्ये तार घालू नका, एका ओरखड्याने पेट्रोलचे प्रमाण बिघडते. सुई-सीट, ॲक्सिलरेटर पंपाची वाटी आणि गॅस्केट नवे लागतात. फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले तर त्याला छिद्र आहे. फ्लोटची पातळी किटच्या कागदावरच्या आकड्याप्रमाणे मोजून लावा, अंदाजाने नको. जुनी गाडी "पेट्रोल जास्त खाते" त्याचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

करंटचे काम त्यामानाने थोडे आहे. बॅटरी लावण्याआधी गाडी ६ व्होल्टची की १२ ची हे नक्की करा. शेव्हर्ले पिकअप १९५५ मध्ये आणि फोर्ड १९५६ मध्ये १२ व्होल्टवर आल्या, म्हणजे तुमची १२ चीच असावी. पण इतक्या वर्षांत कुणी काय बदलले असेल ते सांगता येत नाही, म्हणून बल्ब आणि कॉइलवरचे आकडे वाचा. कापडी वेष्टनाची वायर वाकवल्यावर भुगा होत असेल तर पूर्ण हार्नेस बदला. इंजिन ते चॅसिस, चॅसिस ते केबिन आणि बॅटरी ते इंजिन असे तिन्ही अर्थिंग उघड्या धातूवर घट्ट करा. सेल्फ मारताना बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त घट नको. "सेल्फ गेला" असे वाटणाऱ्या बऱ्याच गाड्यांत फक्त अर्थिंग गेलेले असते.

स्पार्क येत नसेल तर पहिला संशय पॉइंटवर (डिस्ट्रिब्युटरमधल्या, कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्कांवर). पंधरा वर्षांत त्यांच्या तोंडावर न दिसणारा ऑक्साइडचा थर येतो. बारीक फाइल फिरवा, मग स्वच्छ कागद ओढा. रबिंग ब्लॉक कॅमच्या उंच टोकावर आणून ०.४ ते ०.५ मि.मी. पोकळी लावा, कॅमवर मोहरीएवढे ग्रीस द्या. जास्त दिले तर तेच उडून पॉइंटवर बसते. पॉइंटवर खड्डा आणि समोर उंचवटा असे झाले असेल तर कंडेन्सर बदला. कॉइलच्या वाटेत बॅलास्ट रेझिस्टर असेल तर तो काढू नका. इंजिन चालू असताना तो कॉइलला साधारण ७ ते ९ व्होल्ट देतो. थेट १२ दिले तर पॉइंट जळत राहतात. बहुतेक सलग सहा सिलिंडर इंजिनांचा फायरिंग ऑर्डर १-५-३-६-२-४. डिस्ट्रिब्युटर कुठल्या दिशेने फिरतो हे टोपी काढून बघा आणि मगच वायरी लावा.

पाण्याचे थोडक्यात: ब्लॉकचा ड्रेन प्लग उघडल्यावर काही आले नाही तर बुजलाय असे समजा आणि तारेने मोकळा करा. ब्लॉकच्या बाजूचे पत्र्याचे कोअर प्लग स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. गिअरबॉक्सच्या बाजूचा सडला असेल तर तो बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, म्हणून आत्ताच कळलेले बरे. तांबे-पितळी रेडिएटरला पारंपरिक हिरवे कूलंट, शुद्ध पाण्यात निम्मे-निम्मे. जुन्या रेडिएटरला ७ पीएसआयचे झाकण असेल तर तेच ठेवा. १५ चे लावल्यास आधी हीटरची नळी किंवा रेडिएटरचा सांधा फुटेल.

आता पहिला आवाज. प्लग काढलेलेच ठेवून सेल्फने इंजिन फिरवा. तळाशी उरलेले मिश्रण बाहेर उडते आणि ऑइल वर चढते. काट्यावर ऑइलचा दाब दिसेपर्यंत फिरवत राहा, पण दर १५ सेकंदांनी सेल्फला थंड होऊ द्या. दाब आलाच नाही तर पुढे जाऊ नका. मग प्लग लावा आणि वेगळ्या लहान कॅनमधून ताजे पेट्रोल द्या. कॅन इंजिनच्या वर टांगायचा नाही, आगशामक हाताशी. गाडी उघड्यावर, न्यूट्रलमध्ये, चाकांना ठोकळे लावून.

इंजिन सुरू झाल्यावर मिनिटाला १२०० ते १५०० फेऱ्यांवर ठेवा. निळा धूर येणारच, सिलिंडरमधले तेल जळते आहे. पंधरा-वीस मिनिटांत तो विरळ व्हायला हवा. पांढरा, गोडसर वासाचा धूर टिकून राहिला तर कूलंट आत जाते आहे, बंद करा. दहा सेकंदांत ऑइलचा दाब दिसला नाही तरी बंद करा. गरम झाल्यावर दर १००० फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय हा कामचलाऊ हिशोब. टॅपेटची टकटक पहिल्या काही मिनिटांत असते. खालून येणारी, वेग वाढवल्यावर खोल होणारी धडधड मात्र बेअरिंगची. वीस-तीस मिनिटांनंतर गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला, फिल्टर कापून आतले कण बघा. पुढचा बदल ५०० किलोमीटरवर.

क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटलेली असणार असे धरूनच चाला. पॅडल दाबूनही गिअर पडत नसेल तर इंजिन बंद करा, पॅडल लाकडाने दाबून रात्रभर अडकवा, सकाळी वरच्या गिअरमध्ये टाकून गाडी पुढे-मागे हलवा. बऱ्याचदा एवढ्यावर सुटते. सुटले नाही तर गिअरबॉक्स उतरवणे आले, आणि मग रिलीज बेअरिंग व मागचे क्रँक सीलही त्याच वेळी बदला.

गाडी थांबते आहे आणि चालते आहे असे झाल्यावर पत्र्याकडे या. केबिनच्या खालच्या कडा कापण्याआधी दरवाजे बंद स्थितीत ठेवून केबिनच्या आत आडवे-तिरपे चौरस पाइप वेल्डिंगचे टाके मारून बसवा. हे न करता कड कापली तर केबिन काही मिलिमीटर बसते आणि दरवाजा कधीच नीट लागत नाही. पत्रा ०.९ ते १.२ मि.मी. जाडीचा, मिग वेल्डरमध्ये ०.६ मि.मी. तार. सलग शिवण मारू नका. एक टाका इथे, दुसरा हातभर लांब, मधे थंड होऊ द्या, नाहीतर पत्रा पापडासारखा वळतो. निरोगी धातू लागेपर्यंत कापा. गंजाच्या कडेला वेल्ड धरत नाही आणि लांबी (पुट्टी) भरून झाकलेले छिद्र पुढच्या पावसाळ्यात रंगाखाली फुगते. लांबी २-३ मि.मी.हून जाड लागत असेल तर डेंटिंग अजून बाकी आहे. जोडावर इपॉक्सी प्रायमर, त्यावर सीम सीलर, आणि पोकळीत आतून मेण. खालची पाणी जायची छिद्रे बुजवू नका; मुळात त्या कडा सडल्या त्या बहुतेक तीच छिद्रे मातीने भरल्यामुळे.

हौद्यात लाकडी फळ्या असतील तर नव्या फळ्यांना बसवण्याआधी सहाही बाजूंनी, विशेषतः टोकांना, तेल किंवा वार्निश द्या. फळ्या एकमेकींना चिकटवून ठोकू नका. मधली पोलादी पट्टी दोन्हींच्या कडा धरते आणि खाली काही मिलिमीटर फट लाकडाला फुगायला हवी असते. फाळक्याच्या बिजागऱ्या आणि साखळ्या हौदा बसल्यानंतरच जुळवा, आधी जुळवल्या तर दोनदा कराव्या लागतील.

पहिल्या शंभर किलोमीटरनंतर पाट्यांचे यू-बोल्ट, चाकांचे नट आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे बोल्ट पुन्हा आवळा, चारही ड्रमवर हात ठेवून बघा. एखादा बाकीच्यांपेक्षा जास्त गरम असेल तर त्या चाकाचा ॲडजस्टर दोन दाते सैल करा आणि पुन्हा दहा किलोमीटर चालवून तपासा.